खिशातल्या हत्यारांची वही

वीरुपाक्षानं शेरवानीच्या खिशातून चाकू काढला आणि पेशकारांच्या टेबलावर ठेवला. ठेवताना टक् असा आवाज झाला. एरवी त्या कचेरीत तोफ उडाली तरी कुणी मान वर केली नसती, पण आज भिंतीवरची पालसुद्धा दचकून चार बोटं मागं सरकली.

टेबलावर आधीच बाजार मांडलेला होता. माणिकराव नक्कलनवीसाचा लाकडी मुठीचा चाकू, पात्याला कालच्या कैरीचा चीक वाळून चिकटलेला. बन्सीधर दफ्तरदाराचा मोराच्या आकाराचा अडकित्ता. लिंबाजी शिपायाचा पायातला काटा काढायचा चिमटा. कागद ओवायचं कचेरीचं दाभण, आणि एक पितळी कानकोरणं, जे नेमकं कुणाचं ते कुणी कबूल करीना.

"ही तहसील कचेरी आहे का न्हाव्याची धोकटी?" तहसीलदारांचे मुख्य कारकून, पेशकार व्यंकटराव म्हणाले.

कुणी हसलं नाही. पेशकारांच्या खुर्चीमागं खुद्द तहसीलदारसाहेब हात मागं बांधून उभे होते आणि एकेकाच्या तोंडाकडं असं बघत होते, जशी तोंडंसुद्धा खिशातूनच काढून मांडलीत.

व्यंकटरावांनी वीरुपाक्षाचा चाकू उचलला. त्यांच्या डाव्या करंगळीचं नख तालुक्यात प्रसिद्ध होतं. बोटापुढं इंचभर आलेलं, पिवळसर, रोज तिळाच्या तेलाचं बोट लावून राखलेलं. ज्या माणसाला घागर उचलावी लागत नाही आणि भांडं घासावं लागत नाही, त्याच्याच हाताला असं नख टिकतं, हे सांगायला ते नख पुरेसं होतं. शेतकऱ्याच्या अर्जावर ते एका ओळीखाली फिरलं की शेतकरी हात जोडायचा. ओळ वाचता येत नसली तरी जोडायचा.

त्या नखानं व्यंकटरावांनी चाकूची पाती एकामागून एक उघडली. टक, टक, टक. वीरुपाक्षाला त्यातलं बारकं पातं उघडायला दरवेळी दात लावावा लागायचा.

चाकू होता सात हत्यारांचा. सासऱ्यानं, म्हणजे ईश्वरअप्पा दुकानदारानं, लग्नात जावयाला दिलेला. एक मोठं पातं, एक कागदासारखं पातळ बारकं पातं, कात्री, टोचा, पेचकस, नखं घासायची कानस, आणि सातवं म्हणजे सापासारखी वेटोळी घेतलेली एक टोकदार तार.

"आणि हे काय?" पेशकारांनी तार दिव्यासमोर धरल्यासारखी उजेडात धरली.

"ठावं न्हाई, रावसाहेब," वीरुपाक्ष म्हणाला. "सासऱ्यालाबी ठावं न्हाई."

"ठाऊक नाही, तर बाळगता कशाला?"

"चाकूलाच हाय ते. काढता येत न्हाई."

पेशकारांनी मान वळवून साहेबांकडं पाहिलं. मोहोर उचकटायला असंच काहीतरी लागत असावं, असं ते हळू आवाजात म्हणाले. साहेब हैदराबादेत शिकलेले, मोठमोठ्या मेजवान्या पाहिलेले. ती तार कुठल्या बाटलीचं बूच काढायला असते हे त्यांना पक्कं माहीत असावं, कारण त्यांनी घाईनं खोकून खिडकीबाहेरच्या लिंबाकडं तोंड फिरवलं. पण ते काही बोलले नाहीत. आणि तार संशयितच राहिली.

जाता जाता साहेबांची नजर वीरुपाक्षाच्या छातीवर अडली. शेरवानीच्या आत, बरोबर मध्यभागी, अक्रोडाएवढा फुगवटा. साहेबांनी बोटानं दाखवलं. तेही काढा, असं त्या बोटाचं म्हणणं होतं.

वीरुपाक्षाचा हात छातीवर गेला आणि तिथंच राहिला. शेवटी दारातून लिंबाजी बोलला.

"साहेब, देव हाय त्यो. चांदीच्या चौकटीतलं लिंग हाय. ह्ये लोक मरस्तोर गळ्यातून काढत न्हाईत."

साहेब ओशाळले आणि बोट खाली गेलं. पण व्यंकटराव मात्र त्या फुगवट्याकडं आणखी थोडा वेळ बघत राहिले.

हे सगळं झालं होतं एका शिऱ्यामुळं.

चार दिवसांपूर्वी परभणीहून बंद लखोटा आला होता. लाखेची मोहोर, वर 'खास' असा शेरा. आत हुकूम होता की अमक्या गावच्या पाटलाचं दप्तर कुणालाही न कळवता, अचानक जाऊन तपासावं. सकाळी आठ वाजता. साहेबांनी हुकूम स्वतः फोडला, स्वतः वाचला, बायकोलाही सांगितला नाही, आणि पहाटे एकटेच टांग्यात बसून निघाले. गावाच्या शिवेवर पोचले तर केळीचे खुंट रोवून कमान उभी. हलगी वाजायला लागलेली. पाच बायका ओवाळायला ताटं घेऊन उन्हात डोळे बारीक करून उभ्या. साहेबांचं पोट दोन दिवस बिघडलं होतं, तर त्यांच्यासाठी वेगळी मऊ खिचडी आणि ताक. बाकीच्यांना शिरा.

पाटील हात जोडून पुढं आला आणि म्हणाला, "लवकर आलाव, साहेब. कागदात आठ लिवलेलं, म्हून आमी जरा..." आणि मग त्यानं जीभ चावली. पण तोवर वाक्य जवळजवळ संपलं होतं.

साहेब खिचडी न खाता परत आले. त्यांनी लखोट्याची मोहोर भिंगाखाली धरली. लाखेची एक कड केसाएवढी वर आलेली. कुणीतरी पातळ पातं घालून मोहोर उचलली होती, कागद वाचला होता आणि मोहोर पुन्हा दाबून बसवली होती.

आता लखोटा टेसनावरून आणायचा लिंबाजी. तो थेट यायचा वीरुपाक्षाच्या टेबलावर, कारण आवक-जावक त्याच्याकडं. वीरुपाक्ष वहीत नोंद करायचा, शाई वाळेपर्यंत लखोटा तिथंच पडून राहायचा, मग पेशकारांकडं आणि मग साहेबांकडं. लिंबाजीकडं होता चिमटा. पेशकारांकडं तर काहीच नव्हतं. राहता राहिला वीरुपाक्ष, आणि कचेरीतलं सगळ्यात पातळ पातं त्याच्याच खिशात.

वर तो हंगामी. तीन वर्षं झाली, अजून हंगामीच. महिनाअखेरीला त्याला कायम करायचा कागद परभणीला जाणार होता आणि त्यावर पेशकारांचा शेरा लागणार होता. शेरा वाकडा पडला की वीरुपाक्षाला सासऱ्याच्या दुकानात चिंचेच्या पोत्यावर जाऊन बसावं लागणार होतं. ईश्वरअप्पा तसा भला माणूस, पण त्यानं गावभर जावई सरकारी म्हणून सांगून ठेवलं होतं, आणि सांगितलेलं परत घेणं त्याच्या व्यापारात बसत नव्हतं.

खरं म्हणजे कचेरीतल्या माणसाला चाकू लागतो कशाला, हा प्रश्न व्यंकटरावांनी बरोबर काढला होता. पूर्वी बोरूनं लिहायचे, तेव्हा बोरू तासायला प्रत्येकाच्या खिशात चाकू असायचा. आता लोखंडी टाक येऊन इतकी वर्षं झाली. बोरू गेला, पण चाकू खिशातून काही निघाला नाही. उलट त्याच्या जोडीला अडकित्ते आले, चिमटे आले, पेचकस आले. "मी तीस वर्षं नोकरी केली," व्यंकटराव म्हणाले, "खिशात एका रुमालाशिवाय काही ठेवलं नाही. दप्तरी माणसाचं हत्यार इथं असतं." आणि त्यांनी नखानं कपाळावर टिचकी मारली.

मग त्यांनीच तोड सुचवली. हत्यारं ज्याची त्याला परत द्यायची, पण आठ दिवस एक वही ठेवायची. हत्यार कुठलं, काम काय, सरकारी का खासगी, आणि साक्षीदार कोण. आठ दिवसांत ज्या हत्याराची गरज सिद्ध होणार नाही ते सरकारजमा, आणि त्याच्या मालकावर नजर. कचेरीच्या दाभणाला आणि कानकोरण्याला मालक नव्हता, म्हणून ती बेवारस हत्यारं त्यांनी तेव्हाच कपाटात कोंडून कुलूप लावलं.

पहिली ओळ त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिली. पेशकार : खिशात रुमाल एक. हत्यार नाही.

त्या आठ दिवसांत त्या कचेरीत जितकं कापलं, टोचलं आणि कातरलं गेलं, तितकं तीस वर्षांत गेलं नसेल. गरज सिद्ध करायची म्हणून जो तो गरज शोधत फिरायला लागला. खुर्दादचा, ऐन उन्हाळ्याचा महिना, बाहेर ऊन रणरणतंय, आणि आत माणिकराव सकाळपासून कैऱ्या कापतोय. त्याच्या नोंदी वहीत ओळीनं यायच्या. कैरी कापली, खासगी, साक्षीदार लिंबाजी. कैरी कापली, खासगी, साक्षीदार लिंबाजी. तिसऱ्या दिवशी लिंबाजीचे दात आंबले आणि त्यानं साक्ष द्यायला साफ नकार दिला. बन्सीधरनं सुपारी कातरणं सरकारी कामात लिहिलं, कारण सुपारीशिवाय त्याला जुनं दप्तर सापडत नाही. पेशकारांनी त्यापुढं नखानं एक रेघ ओढली आणि प्रश्नचिन्ह काढलं.

साक्षीदाराचा रकाना सगळ्यात जड गेला. कुणालाही टोक काढायचं असलं, तरी आधी हाका मारून कुणालातरी बोलवायला लागायचं. बोलावलेला माणूस यायचा, उभा राहायचा, बघायचा, आणि मग संशयानं विचारायचा की एवढंच करायचं होतं का.

घरी वीरुपाक्षाची बायको गंगम्मा म्हणाली, चाकू वडलांना परत देऊन टाका. ती कटकट मिटवायच्या बाजूची. वीरुपाक्षानं तिला समजावलं की आता चाकू नाहीसा झाला तर संशय दुप्पट होईल. ती विचारात पडली आणि मग तिनं एकच विचारलं.

"त्या वाकड्या तारेचं काय लिवलाव?"

"काय लिवू? काम न्हाई, आसं लिवलंय."

"मी द्या म्हून मागितली व्हती की परवा. नाडीची गाठ सोडवायला. लिवा की."

"साक्षीदार कोण?"

गंगम्मानं पदर तोंडाला लावला आणि चुलीकडं वळली.

चौथ्या दिवशी मात्र गरज आपणहून चालत आली. दुपारी कचेरीच्या मागच्या बाजूनं आरडाओरडा ऐकू आला. साहेबांच्या न्हाणीघराची कडी आतून अडकली होती. उन्हानं दार फुगलं, कडी वाकली, आणि साहेब आत. पोट अजून बरं नव्हतं, त्यामुळं दिवसातून चार वेळा त्या दाराचं काम पडायचं. लिंबाजीनं खांदा लावला. माणिकरावानं कैरीचा चाकू फटीत घातला आणि पातं मोडून घेतलं. आतून साहेबांचा आवाज आधी हुकमाचा होता, मग रागाचा झाला, आणि शेवटी अगदी घरच्या माणसाचा झाला.

वीरुपाक्ष पुढं झाला. त्यानं पेचकस उघडला, बिजागरीचे चार मळसूत्री खिळे काढले, आणि दार अलगद उचलून भिंतीला टेकवलं. सगळं मिळून पानाचा विडा चघळून होईल एवढा वेळ लागला.

साहेब घामानं निथळत बाहेर आले. त्यांनी वीरुपाक्षाचा हात हातात घेतला, दोनदा दाबला, शुक्रिया म्हणाले. वीरुपाक्षाला वाटलं, झालं, सुटलो. मग साहेबांनी भिंतीला टेकवलेल्या दाराकडं पाहिलं. मग पेचकसाकडं. मग पुन्हा दाराकडं, ज्याच्यावर एक ओरखडाही नव्हता. त्यांनी हात हळूच सोडला.

"किती सफाईनं उघडलं, नाही?" मागून व्यंकटराव म्हणाले. "बंद केलेलं होतं, असं वाटणारसुद्धा नाही."

संध्याकाळी वहीत पेशकारांच्या अक्षरात ओळ होती. पेचकस : आतून बंद दार बाहेरून उघडलं. साक्षीदार : खुद्द साहेब.

सहाव्या दिवशी परभणीहून पुन्हा लखोटा आला. या वेळी लिंबाजीनं तो दोन हातांवर, प्रेत आणल्यासारखा आणला. वीरुपाक्षानं त्याला बोट न लावता नोंद केली. शाई वाळेपर्यंत माणिकरावाला समोर उभा केला. मोहोर लाल, गोल, सगळीकडून नीट बसलेली, हे चौघांनी पाहिलं आणि लखोटा पेशकारांच्या हवाली झाला. साहेब दौऱ्यावर पोखर्णीकडं गेलेले, ते दुसऱ्या दिवशी येणार. तेव्हा पेशकारांनी लखोटा आपल्या खणात ठेवला, कुलूप लावलं, आणि किल्ली जानव्याला बांधली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळ्यांसमोर, मोहोर तशीच ठेवून, लखोटा कडेनं फोडला. आतला हुकूम वाचून त्यांना हायसं वाटलं. आपल्या कचेरीतून बातम्या फुटतात असं कानावर आलंय, तरी यापुढं बंद लखोटे फक्त पेशकारांच्या ताब्यात ठेवावेत, असं वरून लिहिलं होतं. व्यंकटराव नम्रपणे मान खाली घालून उभे होते. डावा हात शेरवानीच्या खिशात होता. एवढ्या उकाड्यात खिशात हात घातलेला माणूस वीरुपाक्षानं पहिल्यांदाच पाहिला, पण त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. त्याचं लक्ष स्वतःच्या खिशावर होतं.

जेवणाच्या वेळेला कचेरी रिकामी झाली. वीरुपाक्ष कागद नत्थीला लावायला बसला. साहेबांचा नवा हुकूम होता की नुसता कागद नाही, लखोटासुद्धा मोहोरेसकट नत्थीत ओवायचा, म्हणजे मागाहून तपासता येईल. पण ओवणार कशानं? कचेरीचं दाभण बेवारस म्हणून कपाटात कैद होतं. त्यानं चाकूचा टोचा उघडला. हाका मारल्या, साक्षीला कुणी आलं नाही. मग त्यानं टोचा लखोट्याच्या कोपऱ्यावर ठेवला आणि दाबला.

टोचा सरकला आणि लाखेत घुसला. मोहोरेची अर्धी चकती उडून टेबलावर पडली.

मोहोर फुटली, तीही त्याच्याच हत्यारानं, आणि तीही साक्षीदाराशिवाय. त्यानं घाईनं तुकडा उचलला, परत चिकटवायला म्हणून उलटा केला, आणि तसाच धरून बसला.

लाखेच्या पोटात काहीतरी रुतलेलं होतं. चंद्रकोरीसारखं. पिवळसर. उन्हानं मऊ झालेल्या लाखेत शिरलेलं आणि लाख आवळल्यावर तिथंच मोडलेलं. त्यानं टोच्यानं ते हलकेच सोडवलं आणि तळहातावर घेतलं. नाकाजवळ नेलं. तिळाच्या तेलाचा वास आला.

मग त्यानं रद्दी कागदाचा एक चौकोन कातरला, कात्रीनं, आणि त्या तुकड्याची औषधाच्या पुडीसारखी पुडी बांधली.

साहेबांकडं जावं, असं त्याच्या मनात आलं. तो उठला, साहेबांच्या दारापर्यंत गेला. आत साहेब डोळे मिटून आरामखुर्चीत पडले होते. हाक मारली तर ते डोळे उघडणार, आणि समोर दिसणार टोचा हातात घेतलेला, फुटकी मोहोर धरलेला हंगामी कारकून. आणि तो सांगणार काय, तर तीस वर्षांच्या पेशकाराचं नख सापडलंय. वीरुपाक्ष पाय न वाजवता मागं फिरला.

आठव्या दिवशी पेशकारांनी वही मागवली. ती घेऊन वीरुपाक्षच गेला. व्यंकटराव खुर्चीत बसून वहीवरचा अहवाल लिहीत होते आणि वरच्याच पानावर वीरुपाक्षाला स्वतःचं नाव उलटं वाचता आलं. नावापुढं 'पातं अति पातळ', आणि त्यापुढं 'गरज शाबीत नाही'. पेशकारांच्या डाव्या करंगळीला चिंधी गुंडाळलेली होती.

"बोटाला काय झालं, रावसाहेब?"

"दारात सापडलं." पेशकारांनी वर पाहिलं नाही. "वही ठेवा आणि जा."

वीरुपाक्षानं वही ठेवली. पण तो गेला नाही. वहीवर त्यानं पुडी ठेवली आणि दोन बोटांनी उलगडली.

"ह्ये परवाच्या लखोट्यात घावलं. मोहोरेच्या आत." त्याचा आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला. "नोंद राहिलीय. आवकात लिवू का जावकात, ते इचारायला आलो."

टाक थांबला. कागदावर शाईचा एक थेंब पडला आणि 'शाबीत' या शब्दावर पसरायला लागला. व्यंकटरावांनी तो टिपला नाही. बाहेर व्हरांड्यात लिंबाजी कुणा शेतकऱ्याला सांगत होता की साहेब आज भेटणार नाहीत, उद्या या, उद्याही भेटतील असं नाही.

"साहेबांना दाखवलंत?"

"न्हाई अजून."

"आणखी कुणाला?"

वीरुपाक्षानं पुडी परत बांधून खिशात ठेवली. त्याच खिशातून चाकू काढला आणि कानस उघडली.

"मोडलेलं नख लय टोचतं, रावसाहेब. कपड्याला अडकतं. कानस हाय यात. घासून देऊ?"

व्यंकटरावांनी चिंधी सोडली आणि डावा हात टेबलावर ठेवला. वीरुपाक्ष खाली वाकला आणि घासायला लागला. दारातून माणिकराव आत डोकावला, त्यानं एकदा पेशकारांकडं पाहिलं, एकदा वीरुपाक्षाकडं, आणि मोडक्या पात्याचा चाकू खिशात ढकलून उलट्या पावली गेला.

काम झाल्यावर वीरुपाक्षानं वही उघडून नोंद केली. कानस : पेशकारसाहेबांचं नख. त्याच्या वर टोच्याची ओळ होती, लखोटा नत्थी केला. दोन्ही ओळींपुढं साक्षीदाराचा रकाना कोरा. त्यानं वही पेशकारांकडं फिरवली. पेशकारांनी दोन्ही ठिकाणी सही केली. नखाच्या ओळीपुढं सरकारी का खासगी लिहायचं राहिलं होतं, तिथं ते थोडा वेळ अडले, आणि मग त्यांनी 'सरकारी' लिहिलं.

अहवाल त्यांनी नव्या कागदावर पहिल्यापासून लिहिला. सर्व हत्यारं तपासली, सर्व गरजेची आढळली. खुर्दादच्या उन्हानं लाख मऊ होते आणि मोहोरा आपोआप सुटतात, असं दिसून आलं. तरी यापुढं बंद लखोटे ओल्या फडक्यात, माठाशेजारी ठेवावेत. साहेबांनी त्यावर मंजूर लिहिलं. माठ आला. दाभणाची सुटका झाली. कानकोरणं मात्र कपाटातच राहिलं, कारण त्याच्या मालकानं शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही.

पुढच्याच महिन्यात वीरुपाक्ष कायम झाला. ईश्वरअप्पानं गावात पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की चाकू आपण दिला होता. माठ वीरुपाक्षाच्या टेबलाशेजारी ठेवलेला, त्यामुळं लखोटेही आता तिथंच मुक्कामाला असायचे. पेशकारांची त्याला हरकत नव्हती. कधी त्यांच्या कपाळाला आठी पडलीच, तर वीरुपाक्ष शेरवानीच्या खिशावरून सहज हात फिरवायचा, आणि आठी जायची.

पुडी त्या खिशात नव्हती. शेरवानी धुवायला काढताना ती गंगम्माला केव्हाच सापडली होती. उघडून बघितल्यावर तिला शिसारी आली आणि तिनं ती चुलीत टाकली होती. हे तिनं त्याच दिवशी नवऱ्याला सांगितलंही होतं. नवरा फक्त बरं म्हणाला.

जुम्म्याच्या, शुक्रवारच्या सुट्टीला वीरुपाक्ष सकाळी ओट्यावर बसून कानशीनं नखं घासत होता. गंगम्मा जोंधळे पाखडत होती. उजव्या हाताची झाली. डाव्याची चार झाली. त्यानं कानस मिटली आणि बोटांवर फुंकर मारली.

"करंगळीचं ऱ्हायलं की," ती म्हणाली.

"राहू दे."

सूप तिच्या हातात थांबलं. मग त्यानं चाकू उचलला आणि त्या करंगळीच्या नखानं बारकं पातं उघडून पाहिलं. पहिल्याच झटक्यात उघडलं.